भट्टीवरून भजनाला

(पेडण्यातला दातांचा दवाखाना. खुर्चीत इब्रामपूरचे गोकुळदास, बाजूच्या स्टुलावर त्यांची बायको कमलाक्षी. डॉक्टर सेजल यांनी नुकतीच त्यांच्या दातांवर हवा सोडून पाहिली आहे.)

गोकुळदास : बघितलंत ना? आता काढून टाका. खालचे पुढचे सगळे. मी मन घट्ट करूनच आलोय.

सेजल : काका, काढायला ते किडलेले तरी हवेत. एकही हलत नाही.

गोकुळदास : मग वारा लागला की कळ मस्तकात जाते ती कसली? सोमवारी देवळाचा वर्धापनदिन. भजन मी सुरू करतो. श्वास घ्यायला तोंड उघडलं की डोळ्यांत पाणीच येतं.

कमलाक्षी : आणि दात काढल्यावर 'श्रीरामा'चं काय होईल ते विचारा त्यांना. फुस्स करून नुसता वारा जाईल.

गोकुळदास : तू गप गे. कळ मला येते, तुला नाही.

कमलाक्षी : मला कशी येईल? मी माणसासारखे दात घासते.

सेजल : म्हणजे? काका कशानं घासतात?

कमलाक्षी : मीठ आणि चुलीतली राख. बोटानं नव्हे हं, ब्रशानं. तोही दुकानात असेल त्यातला कडक. तव्याची काजळी काढावी तसे खरवडतात.

सेजल : रोज सकाळी?

गोकुळदास : सकाळी.

कमलाक्षी : खरं सांगा. डॉक्टर आहे ती, व्याही नव्हे.

गोकुळदास : काजूच्या दिवसांत संध्याकाळी पण. आमची काजूच्या दारूची भट्टी आहे, बाय. बोंडूचा रस गाळायला तयार झाला की नाही, ते जिभेवर घेतल्याशिवाय कळत नाही. एका पिंपातला घोट घ्यायचा, थुंकायचा, मग दुसऱ्यातला. तिथूनच भजनाला जायचं, तर तोंड घासूनच जाणार ना माणूस?

सेजल : चाखल्यावर लगेच घासता?

गोकुळदास : लगेच. वास राहता कामा नये.

सेजल : इथेच चुकतंय. आंबट रसानं दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. तेवढ्यात तुम्ही त्यावर राख फिरवता. कवच झिजलं, हिरड्या खाली सरकल्या, मुळं उघडी पडली. उघड्या मुळाला वारा, गार पाणी, काहीही सोसत नाही.

गोकुळदास : म्हणजे मी आपल्याच हातानं...

सेजल : आज मुळांवर लेप लावते, सोमवारपर्यंत थोडा आराम पडेल. घरी मऊ ब्रश, अशा दातांसाठी वेगळी पेस्ट येते ती, आणि हात हलका. पुरता फरक पडायला काही आठवडे जातील. नाहीच पडला तर झिजलेल्या जागा भरू. राख बंद. रस चाखल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासानं.

गोकुळदास : अर्धा तास कुठला? भट्टी आवरेपर्यंत देवळात घंटा होते.

सेजल : मग नुसती चूळ भरून जा.

गोकुळदास : तोंडाला वास ठेवून? देवळात? त्यापेक्षा दात काढा तुम्ही.

सेजल : वासापायी चांगले दात काढायचे?

कमलाक्षी : मी सांगते. यांचे वडील पण भजन म्हणायचे. पण भट्टीवर चाखलेलं ते थुंकायचे नाहीत. एकदा लोकांनी त्यांना देवळाच्या पायरीवरून परत धाडलं. हे झांज घेऊन मागे उभे होते.

गोकुळदास : ते कशाला आता.

कमलाक्षी : यांनी जन्मात पेल्याला तोंड लावलं नाही.

सेजल : मग ते गावाला ठाऊक असेलच की.

गोकुळदास : ठाऊक असतं, बाय. पण वास आला की विसरतात.

कमलाक्षी : अहो, इतकी वर्षं गाताय. गोकुळदासाच्या तोंडाला वास येतो, असं कोणी एकदा तरी म्हणालं?

गोकुळदास : नाही.

कमलाक्षी : मग?

गोकुळदास : मी कोणाला जवळ बसूच दिलं नाही गे.

सेजल : काका, पक्कड घेऊ की लेप?

गोकुळदास : लेप. झोंबेल का?

सेजल : नाही झोंबणार. तोंड उघडा.

गोकुळदास : थांबा, एवढं सांगतो हिला. पेटीवाल्या सगुणाला फोन लाव. म्हणावं, सोमवारी पेटी तिकडे खांबापाशी नको. माझ्या मांडीला मांडी लावून बस.