छपराखालचं गवत

नीरजा : ओढा आप्पा. जोर नका लावू, नुसतं दोन बोटांत धरून ओढा.

आप्पासाहेब : आरं तिच्या! आख्खं ठोंब हातात आलं की.

नीरजा : मूळ बघा त्याचं. वीतभरसुद्धा नाही.

आप्पासाहेब : कुसळीचं मूळ आसं नसतं गं पोरी. मी हितं ज्वारी करायचो तवा बांधाकडंची कुसळी औताला अडायची. बैलं जाग्यावर थांबायची.

नीरजा : तेच तर मघापासून डोकं खातंय माझं. छपराबाहेरची कुसळी उपटून दाखवा, कुदळ लागेल. तिच्यावर तर चार पावसाळे सरळ पाऊस पडलाय. आणि छपराखालच्या गवताचा निम्म्याहून जास्त पाऊस मी मुद्दाम अडवला, दुष्काळात ते कसं जगतं ते बघायला. त्याचं मूळ आणखी खोल जायला हवं होतं. तहानलेलं गवत असंच वागतं हो. वर वाढत नाही, पानांची सुरळी करून गप्प बसतं, मिळेल तेवढ्यावर घाईघाईनं बी धरतं आणि सगळा जीव खाली पाणी शोधण्यात घालतं. इथं सगळं उलटं झालंय. मुळं वरच्या वर पसरलीत. आणि आता महिन्याभरात सगळं मेलं. एकूण एक छपराखालचं.

आप्पासाहेब : हुमणी लागली आसंल.

नीरजा : उकरून बघितलं. हुमणी नाही, वाळवी नाही, काही नाही.

आप्पासाहेब : मग माज्या रानाचंच नशीब फुटकं म्हनायचं. हिर आटली, पोरं नोकरीला लागली, मी रान सोडून दिलं. पह्यल्या वर्सी नुसतं काँग्रेस गवत आन् टाकळा. लोक म्हनायचं, आप्पाचं रान मेलं. मग कुसळी आली, तिच्या मागनं पवन्या आला. कुनी पेरला न्हाई, कुनी पानी दिलं न्हाई. मला वाटलं, चला, आपुन सोडलं तरी त्यानं काय जीव सोडला न्हाई.

नीरजा : मलाही तेच वाटलं होतं आप्पा. मागच्या वर्षी छपराखाली गवत एवढं हिरवंगार राहिलं, की मी आनंदानं इथंच रडले होते. आठवतंय ना? त्याच्यावरच तर सगळा अहवाल लिहिलाय.

आप्पासाहेब : आन् त्या अहवालावर मी घरात समद्यांची तोंडं बंद केल्याती. माजा पोरगा इंद्रजीत म्हनतोय, बिल्डरला देऊन टाकू. मी म्हनलं, थांब, सरकारी सायबांची शुक्रवारची बैठक होऊ दे. म्याडम लिहून देनार हायेत, की हे गवत दुष्काळातबी आपल्या आपुन जगतंय, टँकर लागत न्हाई. तसं लिहून मिळालं तर हे रान गवताचं म्हनून राखायचं ठरतंय. न्हाई मिळालं तर दिवाळी झाली की हितं जेसीबी.

नीरजा : मला माहितीय. पुन्हा पुन्हा नका ना सांगू.

आप्पासाहेब : मग कुनाला सांगू? भिंतीला?

नीरजा : चिडू नका. हे बघा, हा पांढरा थर. छपराच्या आतच आहे, बाहेर कुठंच नाही. मीठ फुटलंय मातीवर. पण मीठ असं वर यायचं तर भरपूर पाणी लागतं. इथं पाणी आलंच कुठून?

(समोरच्या सोसायटीच्या फाटकातून माधवराव एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कॅन घेऊन बांधावर येतात.)

माधवराव : अरे वा. आज मालक आणि संशोधक दोघंही हजर. बरं झालं. तुमचं गवत मेलंय, हे आपल्याला कळलंय का, की त्याचीही मोजणी व्हायची आहे अजून?

नीरजा : आपण कोण?

माधवराव : माधव पेंडसे. समोर तिसऱ्या मजल्यावर राहतो. निवृत्त आहे. रोज सकाळी इथं फिरायला येतो, म्हणजे येत होतो.

आप्पासाहेब : वळखीचं हायेत. माधवराव, तुमच्या गुडघ्याचं आपरेशन झालं म्हनं?

माधवराव : झालं. त्याचाच तर हा परिणाम. मी महिनाभर अंथरुणाला खिळलो आणि इथं ढुंकून बघायला कुणी नाही. आज पहिल्यांदा जिना उतरलो, तर हे दर्शन.

नीरजा : काका, त्या कॅनमध्ये काय आहे?

माधवराव : पाणी. गंगाजल नाही, साधं पाणी. आमचा फिल्टर एक पेला शुद्ध करताना तीन पेले मोरीत सोडतो. टँकरचं पाणी असं वाया घालवायला जिवावर येतं. म्हणून साठवतो आणि इथं आणतो.

नीरजा : इथं म्हणजे नेमकं कुठं?

माधवराव : तुमच्या या छपरांखाली. आणखी कुठं? बाहेरच्यांना पाऊस मिळत होता.

नीरजा : कधीपासून?

माधवराव : इथं राहायला आलो तेव्हापासून. चार पावसाळे झाले, यंदा गुडघा जाईपर्यंत.

नीरजा : कुठल्या छपरांखाली घालत होता? नीट आठवा, काका. रस्त्याकडच्या दोन-तीन? एखादं तरी सुटलं असेल ना? लांबचं एखादं, तिकडं चढावर?

माधवराव : छे! सगळ्यांना सारखं. पंक्तिप्रपंच करणारा माणूस नाही मी. चढावरच्यांना तर आधी, कारण तिथं जास्त वाळायचं.

नीरजा : आई गं.

आप्पासाहेब : काय झालं? पोरी, बस खाली. बस. माधवराव, काय केलंत हो हे?

माधवराव : काय केलं म्हणजे? पाणी घातलं. विष नाही घातलं.

नीरजा : पाटी वाचली नव्हती तुम्ही? एवढी मोठी पाटी लावलीय फाटकाशी!

माधवराव : पाटी न वाचता कुणी पुण्यात जगलाय का? वाचली. इंग्रजीत होती, तरी वाचली. दुष्काळाचा प्रयोग चालू आहे, हात लावू नये. मी हात लावलाच नाही. वरून पाणी घातलं.

नीरजा : म्हणजे दुष्काळाचा प्रयोग आहे हे कळूनही घातलंत!

माधवराव : कळलं म्हणूनच घातलं.

नीरजा : मागच्या वर्षी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, की पडीक रानावर आलेलं हे गवत पाऊस नसतानाही हिरवं राहतं. टाळ्या वाजवल्या लोकांनी. माझे सर, जे कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, त्यांनी पाठ थोपटली. ते गवत नव्हतं, काका. तुम्ही होतात. तुमचा फिल्टर होता!

माधवराव : ओरडू नका. मी बहिरा नाही.

नीरजा : का नको ओरडू? चार वर्षं राबलेय मी इथं! ही छपरं मी स्वतःच्या हातांनी उभी केलीत. वादळात उडाली तर चिखलात लोळून पुन्हा बांधलीत. आणि तुम्ही रोज सकाळी येऊन गुपचूप...

माधवराव : गुपचूप काही केलेलं नाही. राजरोस घालत होतो. तुम्ही सकाळी कधी नसायचात, त्याला मी काय करू? पण मला एक कळत नाही. मी घातलं तोवर ती जगली. मी थांबलो आणि मेली. मग माझी चूक काय?

नीरजा : तीच. तहान लागल्याशिवाय मूळ खाली जात नाही. मूळ खाली गेलं नाही, तर पुढचा कोरडा महिना गवत काढत नाही. बाहेरचं गवत बघा, यंदा सप्टेंबर सगळा कोरडा गेला तरी उभं आहे. तुम्ही यांना रोज वरच्या वर पाजलंत, मग ती खाली कशाला जातील? त्यात ते फिल्टरनं बाहेर टाकलेलं खारं पाणी, सगळं मीठ त्यातच उतरतं. मुळं होती तीही भाजून निघाली. आणि एक दिवस तुम्ही आलाच नाहीत.

माधवराव : म्हणजे मी मारलं त्यांना.

नीरजा : हो.

आप्पासाहेब : जाऊ दे गं. म्हातारं मानूस हाय.

नीरजा : तुम्हीही म्हातारेच आहात आप्पा, आणि तुमचं रान चाललंय. त्यांना कळू दे की.

माधवराव : कळलं. चांगलंच कळलं. बसतो जरा. हा गुडघा अजून माझ्या मालकीचा झालेला नाही.

आप्पासाहेब : ह्या दगडावर टेका. सावकाश.

माधवराव : मंदाकिनीचं, आमच्या हिचं, हृदय थकलं होतं. शेवटी शेवटी अंगात पाणी साठायचं, म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला मोजून दोन कप. तिच्या पलंगाशी चिठ्ठी लावली होती, पाणी देऊ नये. ती मागायची. मी तिला चिठ्ठी वाचून दाखवायचो. मला नियमाची फार हौस ना. आयुष्यभर लोकांना नियम वाचून दाखवले, बायकोला काय सोडतो? एकदा म्हणाली, अहो, नुसते ओठ ओले करा. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगतो. विचारून येईपर्यंत गेली.

आप्पासाहेब : देवा.

माधवराव : नंतर ते घर नको झालं, म्हणून इथं आलो. पहिल्याच पावसाळ्यात या बांधावर उभा होतो. चहूकडं धो धो पाऊस आणि छपराखाली हे गवत, पानं मिटून बसलेलं. फाटकाशी पाटी. मला ते बघवलं नाही, बाई. म्हटलं, या वेळी पाटी वाचायची आणि पाणी द्यायचं.

नीरजा : हे नका सांगू मला. मला तुमचा राग आलेला हवाय. त्याच्याशिवाय आत्ता माझ्या हातात काही नाही.

माधवराव : मग राग धरा. माझी काही तक्रार नाही. पण एक विचारतो. हे कुणाला माहितीय? आपण तिघं. आप्पासाहेब बोलणार नाहीत. मी बोलणार नाही. मागच्या वर्षीचे आकडे तुमच्याकडं आहेतच. शुक्रवारी तेच द्या. रान वाचतंय ना?

आप्पासाहेब : बरोबर बोलत्यात. पोरी, आसंच कर. गवत जगलं म्हनून लिव. आन् खोटं तरी कुठं हाय? बाहेरचं जगलंयच की! पान्यावाचून हे रान उभं राहिलंय, मी माज्या डोळ्यांनी बघितलंय.

नीरजा : मलाही तसंच वाटतं आप्पा. ही छपरं कोरडी राहिली असती तर गवत जगलं असतं, मुळं खाली गेली असती. कदाचित. पण कदाचितवर कुणी रान राखत नाही.

आप्पासाहेब : मग कदाचित लिवू नगंस. जगतंय म्हनून लिव.

नीरजा : शुक्रवारपर्यंत मला गप्प बसता येईल का, हेच बघत होते मी मनात. येईल, आप्पा. सहज येईल. इतकं सहज, की मला माझीच भीती वाटली. बैठकीत मला विचारतील, दुष्काळात पाण्यावाचून जगेल ना? मी हो म्हणायचं. ते माझ्या शब्दावर राखतील. आणि उद्या खरंच दुष्काळ पडला आणि सगळं वाळलं, तर? मग या टेकड्यांखालची जी जी पडीक रानं गवत धरताहेत, त्यांच्यासाठी कुणी तोंड उघडलं की हेच रान दाखवतील. तुमचं एक वाचवायला बाकी सगळी घालवायची का मी?

आप्पासाहेब : बाकीची माझी न्हाईत. हे माझं हाय.

नीरजा : हो.

आप्पासाहेब : पुन्ना कर की प्रयोग. छपरं हायेत, गवत हाय. मी राखन करतो. रात्रंदिस हितं बसतो. माधवरावांना पाय ठिवू देत न्हाई.

माधवराव : मी स्वतःच ठेवणार नाही.

नीरजा : मुळं खाली जायला दोन-तीन पावसाळे लागतात, आप्पा. आपल्याकडं दिवाळीपर्यंतचा वेळ आहे.

आप्पासाहेब : मंग मी घरी जाऊन काय सांगू? तेवढं तरी सांग. इंद्रजीत दारातच बसला आसंल. काय म्हनू त्याला?

नीरजा : मला नाही माहीत.

माधवराव : मी येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो त्यांना.

आप्पासाहेब : तुमी काय सांगनार? पानी घातलं म्हनून? हसतील लोक. पान्यानं रान गेलं म्हनून आजवर कुनी ऐकलंय का?

माधवराव : बाई, तुमचा फोन वाजतोय.

नीरजा : वाजू दे. सरांचा आहे. अहवाल आज पुढं पाठवायचाय त्यांना.

माधवराव : घ्या. मीच बोलतो वाटलं तर. माझं नाव सांगा, पत्ता सांगा, काय ते लिहून देतो.

नीरजा : तुम्ही बसा काका. मी बोलते. हॅलो, सर. हो, रानातच आहे. नाही सर, अहवाल पाठवू नका. थांबवा. नाही, दुरुस्त होण्यासारखं नाही. चारही वर्षांचं सगळं बाद धरावं लागेल. छपराखाली पाणी पोचत होतं. नाही, गळती नव्हती, कुणीतरी रोज घालत होतं. हो, सगळ्याच छपरांखाली. मला कळतंय सर, शुक्रवारचं काय होणार ते. जमिनीचे मालक इथंच आहेत माझ्यासमोर. नाही, खोडसाळपणा नाही. नाही सर, तक्रार नाही करायची कुणाची. तहान बघवली नाही त्यांना.