सेलमधला शर्ट

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपी आणि त्याची बायको.

"दुकानासमोर कपड्यांचं चार मजली शोरूम झालंय. आज मशीनचा सौदा करून टाकायचा, विषय संपला."

"सकाळपासून तेच पालुपद. हा अंगातला शर्ट कुठला?"

"त्यांच्याच सेलमधला."

"धन्य आहे तुमची. शिंपी असून?"

"माल बघायला गेलो होतो गं. कापड चांगलंय, पण बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. घरी आखूड केल्या."

"तिथे करून देत नाहीत?"

"छे. एकदा विकलं की ओळखही दाखवत नाहीत."

"आणि गिऱ्हाईक?"

"रीघ लागलेली असते."

"त्या सगळ्यांचे हात काय गुडघ्यापर्यंत पोचतात?"

"म्हणजे?"

"अहो, तेही मीच सांगू? चला, रांगेतून बाहेर व्हा. मशीन दुकानाच्या दारात मांडा, तोंड त्यांच्या दाराकडे. आणि हा शर्ट अंगातच राहू द्या."