माणशी एक जाकीट

— हलू नका आबा, उभं तर बिलकुल राहू नका, शेठच्या शेडमध्ये फळी लावलीय ना, तिच्यावर पहिलाच नियम तो — चालत्या बोटीत उभं राहू नये. आता चालत नाहीये म्हणा, इंजिनच बंद पडलंय — पण बुडत्या बोटीचा नियम कुणी लिहिलेलाच नाही! सॉरी, सॉरी, बुडत नाहीये. पाणी येतंय थोडं. तुमच्याकडं कुठवर आलं? घोट्यापर्यंत? बरं. माझ्याकडं जरा जास्त आहे.

चूक माझीच हो. तुमची शालू मला द्यायची तर पोरगा काय काम करतो ते डोळ्यांनी बघायचं, म्हणून तुम्ही पवनानगरहून मुद्दाम आलात — मग काय, दाखवायला गेलो जोरात, आणि तो आंब्याचा बुंधा! धरणात बुडालेल्या झाडांकडं बोट नेऊ नये, तेही लिहिलंय फळीवर. तुम्ही हात करत होतात, मला वाटलं खूश झालात.

हे? हे जाकीट. तरंगायचं. माणशी एक पाहिजे, नियमच आहे, पण दुसरं शेडमध्येच राहिलं — आणि चालवणाऱ्यानं आधी घालायचं असतं. म्हणजे, असं मला वाटतं. तसं लिहिलेलं नाही.

परवाना आहे की! शेठचा. माझा… नाही. आबा, मी पुण्याला शेठच्या दुकानात काउंटरवर असतो. शेठ परगावी, किल्ली माझ्याकडं, बोट आज पहिल्यांदाच हातात धरली. शालूला सांगू नका. नाही, सांगा, सगळं सांगा — पण आधी काठावर जाऊ या.

पोहायला? मला? छे! म्हणून तर काढत नाही ना हे — रागावू नका हो — पागोटं का काढताय? दोर कशाला? ओढत नेणार? एवढ्या वाऱ्यात? तुमचं वय काय, आबा! थांबा, जाकीट तरी घ्या, तुम्हीच घाला, खड्ड्यात गेला तो नियम — ही गाठ सुटत नाही, ओली झालीय — आबा!

उतरलात? बरं, बरं. मी उपसतो पाणी, ओंजळीनं तर ओंजळीनं. अरे, चाललोय की आपण! काठावरच्या म्हशी दिसायला लागल्या! लग्नाचं राहू द्या आबा, तुम्ही नाही म्हणा, खुशाल म्हणा, फक्त दमू नका — सुटली! गाठ सुटली, हे बघा, फेकतो, धरा —

दोर सैल का सोडलात?

आबा, ओढतोय मी. नुसता दोरच येतोय.

आबा?