सेंदाईतलं पिठलं आणि दोन पाहुणे

जपानमध्ये काय पाहिलं, असं विचारताय ना? एक इंग्रज पाहिला आणि एक रशियन. दोघेही आमच्या मुग्धाच्या सेंदाईच्या प्रयोगशाळेतले. शनिवारी तिनं त्यांना जेवायला बोलावलं.

"बाबा, मी पास्ता करते. तुमचं पिठलं नको, प्लीज."

"माझ्या हातचं पिठलंच होईल," मी म्हणालो, आणि केलं.

इंग्रज ऑलिव्हरनं एक घास घेतला. "वा, फारच इंटरेस्टिंग! मला रेसिपी हवीच." मग चमचा अलगद खाली ठेवून तो हवेबद्दल बोलू लागला.

रशियन सर्गेईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "दिसायला चिखल आहे. मीठही जास्त आहे," असं म्हणून त्यानं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

पाहुणे गेल्यावर मुग्धा भडकली. "ऑलिव्हर किती सभ्य! सर्गेईला मात्र बोलायची रीतच नाही. पुढच्या शनिवारी पास्ताच करायचा."

मी म्हणालो, "मुग्धा, मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. ज्याचं काम करायचं नसे, त्याला आम्ही खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो आणि हसून सांगायचो, आपलं प्रकरण विचाराधीन आहे. तुझा ऑलिव्हर आमच्याच खात्यातला आहे."

"म्हणजे पुन्हा पिठलं?"

"पिठलंच. ऑलिव्हरसाहेबांना कळव, पास्ता विचाराधीन आहे."