वायर ओढली आणि कुलूप उघडलं

अगं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझी काय गत झाली ते ऐक. शेळ्यांच्या गोठ्यासाठी मी आकडे दाबून उघडणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप केलं होतं. हिंगोलीला जिल्ह्याच्या प्रदर्शनात शाळेचा एकच प्रकल्प जाणार होता. परीक्षक सरांनी चुकीचे आकडे दाबले, कुलूप हललं नाही. मग त्यांनी बॅटरीची वायरच ओढली. खट्! दार उघडं.

"हे कसलं कुलूप, पोरी?"

सगळे हसले.

शेजारी उभी माझी मैत्रीण रेखा कुजबुजली, "काहून गप? सांग की!"

"सर, मुद्दाम केलंय. कडबा पेटला, वायर जळली, तर शेळ्या आत अडकू नयेत."

"आणि चोर आला तर?"

"चोराला वायर माहीत नव्हती, सर. तुमीच आत्ता सगळ्यांना दाखवली."

सरांनी वायर परत जोडली आणि माझं नाव हिंगोलीसाठी लिहिलं.