फोनच्या घरचा दुभाषी

— पोरगी काय करती म्हंजे? इचारलंसा न्हवं, मग आता सगळं ऐकायचं, पावणं, अर्ध्यात उठायचं न्हाय. कबनुरात यंत्रमागांच्या खडखडाटात एक घर हुतं, घरात गणपती नावाचा बाप, सोनम नावाची त्येची इंजिनेर लेक, आन् तानूबाई नावाची त्येची अडाणी आई. ती म्हातारी म्हंजे मीच की. गणपती गेलाय उद्याच्या चौदा एप्रिलच्या जयंतीचा मांडव बघाय. जाताना बजावून गेलाय — मुरगूडचं पावणं सोनमला मागणी घालाय येत्यात, आई, तू तोंड उघडू नगंस. न्हाय उघडत. मी कुठं काय बोलतीया?

तर पोरगी पुण्याची नोकरी सोडून आठ म्हयनं झालं घरात बसलीया — व्हय, सोडली. गणपतीनं सांगितलं न्हाय? मग मीबी न्हाय सांगितलं. कशापायी सोडली? तर फोनला एक भाषा शिकवाय. माणसं फोनवर बोलत्यात, आमची फोनशी भांडती! तिची कॉम्प्युटरची भाषा हाय, लई कडक. तीत एकदा जे ठरवलं ते ठरलं, मागनं बदलायचं न्हाय. तुमच्यासारखं न्हवं — दिवाळीला निरोप, पोरगी शिकलेली, नोकरीची पायजे; संक्रांतीला निरोप, लगीन झालं की नोकरी सोडायची. तसली माणसं त्या भाषंत बसतच न्हाईत बगा.

आता फोनला ती भाषा कळत न्हाय. मधी दुभाषी लागतोय, कंपायलर म्हणत्यात त्येला. त्यो वाढला मोठ्या कॉम्प्युटरच्या घरात, फोनच्या घरच्या रीती त्येला कुठल्या ठाव? त्या रीती सोनम त्येला लावत हुती. त्यो शिकला की तिच्या भाषंत लिवलेलं फोनवर चालणार. पर कायबी चालवलं की पडदा काळा. आठ म्हयनं काळा! बाप कावला. शेवटी पोरगीच म्हणली, जयंतीपातुर चाललं न्हाय तर तुम्ही म्हणशीला तिथं लग्नाला उभी ऱ्हाते. मग काय, गणपतीला पंख फुटलं — तुमास्नी जयंतीच्या आदल्या दिवसाचं बोलावणं! दिवस कसा नेमका धरलाय.

पर काल सकाळी काय झालं — ह्या भिंतीला पाच खुंट्या हाईत, ही दाराकडची माझी. मोकळी दिसली तरी माझी. चाळीस वर्सं मागावर सुताच्या कांड्या भरून आले की पिशवी हितंच. दुसऱ्या कुणाचं काय लटकलं तर मी इचारत बसत न्हाय, अंगणात फेकते. काल सोनमची ओढणी फेकली. म्हटलं आता चिडंल, तर ही खुंटीकडं बघत उभी. म्हणती, आज्जी, फोनचीबी एखादी राखीव खुंटी आसंल काय गं? म्या म्हटलं, का नसंल, त्येलाबी मान हाय की! पळाली आत. फोनच्या पोटातबी म्हणं हातातलं आकडं अडकवाय मोजक्याच खुंट्या आस्त्यात. दुभाषी दिसंल त्या मोकळ्या खुंटीला सामान अडकवत हुता, आन् त्यातली एक फोननं सोतासाठी ठेवलती — तिथलं त्यो फेकायचा, म्हणून पडदा काळा. मग दुभाष्याला बजावलं — तिला हात लावायचा न्हाय. आन् दुपारी चाललं! काय चाललं, इचारा की. एक लाल चौकोन. हिकडनं तिकडं सरकला. आठ म्हयन्यांचा एक चौकोन! पोरगी रडाय लागली. मीबी रडले — चौकोन लई देखणा हुता.

— व्हय, कालच चाललं, जयंतीच्या आदी. तुमास्नी सांगावा धाडाय पायजे हुता, खरं हाय. पर सांगाव्याचं काय सांगू, तुमचा दिवाळीतला पैला निरोप माझ्यापाशीच आलता, म्या दीड म्हयना घरात कुणाला सांगितलाच न्हाय. पोरीला तेवढंच दिस... गेलं तोंडातनं. मला तेराव्या वर्सी लग्नाला उभं केलतं, कुणी इचारलं न्हवतं. आसू द्या.

आन् आज सकाळी परदेशातल्या एका कंपनीचा कागद आला कॉम्प्युटरवर. ती माणसं शिमग्यापास्नं वाट बघत हुती, चाललं की कळव म्हणून. लागली पोरगी कामाला! जायचं कुठं न्हाय, हितंच मागच्या खोलीत बसून करायचं, तीच भाषा, त्योच दुभाषी. बापाला अजून ठाव न्हाय. तुमास्नीच पैल्यांदा सांगितलं बगा, मानाचं पावणं!

उठलासा? बसा की, आत सोनम चहा ठेवतीया — न्हाय न्हाय, पोरगी दाखवायचा चहा न्हवं त्यो. नोकरी लागली म्हणून आमच्या दोघींपुरता ठेवलाय. उरला तर देते.