तीस सेकंदांचा उशीर

नाही काका, तो उशीर काढायचा नाही — तीस सेकंद आहे ना, तीसच राहू द्या. तुम्ही फक्त वायर जोडा, आवाज जातोय का बघा, बाकी सगळं दादानं लावून ठेवलंय. नवीन पोराला उशीर कशाला लागतो म्हणता? अहो, लागतो. मी इथं गेम खेळणार, ते लोकांना तीस सेकंदांनी दिसणार — नाहीतर समोरचा आपलंच चॅनल उघडून बघतो, आपण कुठल्या भिंतीमागे लपलोय ते, आणि येऊन डोक्यात गोळी घालतो. दादानंच शिकवलं. माइक तोंडाजवळ, बोलत राहायचं, मेलास तरी बोलत राहायचं. म्हणायचा, बारक्या, तुझं तोंड झोपेतपण बंद नसतं, तू माझ्या पुढं जाशील.

खुर्चीखालचा डाग ना? घासला. आईनं घासला, मी घासला. नाही जात. पाय जरा वर घ्या.

मागच्या गल्लीतला गॅरेजवाला होता. रोज दादाशी खेळायचा, रोज हरायचा. त्या दुपारी दादानं त्याला गेममध्ये लागोपाठ पाच वेळा मारला, चारशे लोकांसमोर. मी शेजारच्या खोलीत मोबाइलवर बघत होतो — मीच कमेंट टाकली, याच्या हातात बंदूक कशाला, पानाच शोभतो. दादानं मोठ्यानं वाचली. सगळे हसले. आणि तो पाना घेऊनच आला ना! जिना चढून, सरळ आत. दार आमचं उघडंच असतं.

भिंतीपलीकडून धाडकन आवाज आला — ऐकला मी, नाही ऐकला असं नाही. मोबाइलकडे बघितलं, तर दादा हसत होता. पुन्हा आवाज, ओला, कलिंगड आपटावं तसा — मोबाइलात दादा पाणी पीत होता. म्हटलं, खुर्ची पडली असेल. काका, मला माहीत होता हो उशीर! तरी भिंतीचं ऐकलं नाही, मोबाइलचं ऐकलं. मग मोबाइलात दादाच्या मागं, दारात, तो गॅरेजवाला दिसला. मी इकडे धावलो, तोवर तो मला ढकलून जिना उतरत होता. दादाचा जबडा इकडे होता, कानाजवळ. हा, इथं. डोळे उघडे. आणि माइक चालूच.

पाच वेळा मारला म्हणून त्यानं दादाला किती वेळा मारलं, मोजलंत तुम्ही? मी मोजलंय. ते रेकॉर्डिंग मी रोज बघतो. अकरा.

परवा जामिनावर सुटला तो. गॅरेजपण उघडलं. आज चार वाजता मी पहिल्यांदा लाइव्ह जाणार, दादाच्याच चॅनलवर, आणि त्यालाच हाक मारणार. बघेल तो. बघितल्याशिवाय राहवत नाही त्याला. मग म्हणेन, ये की वर — टेबलाखाली हात नका घालू! तिथं वायर नाही. हातोडा आहे.

आई? आई शेजारच्या खोलीत आहे. मीच मोबाइल लावून दिलाय तिला, म्हटलं, बघ तुझा धाकटा काय बडबडतो ते. किती दिवसांनी हसली, काका. इथं आवाज झाला, तर ती मोबाइलकडे बघेल. मी दिसेन. बोलत असेन.

त्याला तीस सेकंद पुरले. मलाही पुरतील — हात काढा! उशिराला हात लावू नका म्हटलं ना! झालं तुमचं काम. उठा. दार ओढून घेऊ नका, उघडंच राहू दे.